कोटितीर्थाकाठचा चित्रकार : आबालाल रहिमान

पावसाळा लागला की आमच्या मोखाड्यात मुलांच्या वह्यांची मागची पाने भरू लागतात. डोंगर, डोंगरावर उतरलेले ढग, खाली भाताची खाचरे, कडेला एखादी झोपडी. खोडाळ्याचा रस्ता असो की सूर्यमाळचा चढ, इकडच्या मुलाला चित्रासाठी विषय शोधावा लागत नाही. दार उघडले की विषय समोर उभा. आणि मग आपल्या घरांत एक जुनाच प्रश्न निघतो. मुलाने चित्रे काढावीत का? अम्मीला वाटते, अभ्यास बुडतो. अब्बांना वाटते, यात पोट भरत नाही. आणि दादी विचारते, हे आपल्या दीनमध्ये बसते का?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांना नुसते 'हो' किंवा 'नाही' म्हणून चालणार नाही. म्हणून आज आम्ही वाचकांना एका माणसाची ओळख करून देणार आहोत. हा माणूस मराठी मुलखातला, आपल्याच समाजातला, कुरआनशरीफ लिहिणाऱ्या घराण्यात जन्मलेला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या कलाशाळेत शिकून त्याने आपल्या गावचे पाणी, झाडे आणि ऊन रंगवले. कोल्हापूरला आज 'कलापूर' म्हणतात, त्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे. त्यांचे नाव आबालाल रहिमान.

लेखणीच्या घरात कुंचला

आबालाल यांचे खरे नाव अब्दुल अझीझ. जन्म कोल्हापूरचा, 1860 च्या आसपासचा. घराण्यात कुरआनशरीफच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती. आज छापील प्रत सहज हाती येते, म्हणून या कामाची कल्पना आपल्याला येत नाही. बोरूची टोके वेगवेगळ्या जाडीची कापायची, शाई घोटायची, कागद घासून गुळगुळीत करायचा, ओळी आखायच्या आणि मग एकेक अक्षर श्वास रोखून उतरवायचे. एक चूक झाली तर सगळे पान वाया. अक्षर झाले की समासात वेलबुट्टी काढायची, त्यात रंग आणि सोनेरी भरायचे. जो मुलगा असे काम बघत मोठा होतो, त्याच्या हाताला आपोआप शिस्त लागते आणि डोळ्याला बारकावा कळू लागतो.

चित्रकलेचा धडा आबालाल यांना प्रथम घरातच मिळाला, तोही दीनच्या खिदमतीतून. आपल्याकडे कला ही बाहेरून आलेली गोष्ट आहे असे समजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

पुढची गोष्ट कोल्हापूरकर सांगतात ती अशी. आबालाल यांच्या वडिलांना फारसीचे चांगले ज्ञान होते आणि ते इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीला भाषा शिकवायला जात. सोबत मुलगाही जाई. त्या बाईंनी मुलाचा हात पाहिला आणि याला मुंबईला पाठवा असे सुचवले. वडिलांनी ते मानले. कलाशाळा म्हणजे काय हे कोल्हापुरात फार थोड्यांना ठाऊक असण्याचा तो काळ. अशा काळात एका मुस्लिम बापाने मुलाला चित्रे शिकायला परगावी धाडले, हे धाडसच म्हणायचे.

मुंबईची शाळा आणि विलायतेचे धडे

मुंबईची सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 मध्ये सुरू झाली. पारशी दानशूर सर जमशेटजी जिजीभाई यांनी तिच्यासाठी एक लाख रुपयांची देणगी दिली होती. आबालाल शिकायला गेले तेव्हा जॉन ग्रिफिथ्स यांच्यासारखे कसलेले शिक्षक तिथे होते. हेच ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून पुढे कित्येक वर्षे अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते. शाळेतली पद्धत विलायती होती. समोर वस्तू ठेवायची, तिच्यावर उजेड कुठून पडतो ते पाहायचे, छाया कुठे गडद आणि कुठे फिकी ते मोजायचे, आणि दिसते तसे उतरवायचे.

या पद्धतीच्या मागे इंग्लंडमधल्या निसर्गचित्रकारांची मोठी परंपरा होती. त्यातले दोघे आपल्याला ठाऊक असायला हवेत, कारण त्यांच्या घरांतही आपल्या घरांतलेच प्रश्न निघाले होते.

पहिले टर्नर. जन्म 1775. बाप लंडनमध्ये न्हावी, केसांचे टोपही बनवणारा. पोराने काढलेली चित्रे त्याने दुकानाच्या खिडकीत टांगली आणि गिऱ्हाइकांना विकली. चौदाव्या वर्षी पोरगा लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत दाखल झाला आणि पुढे समुद्र, धुके आणि उजेड रंगवण्यात त्याने सगळ्या युरोपात नाव काढले.

दुसरे कॉन्स्टेबल. जन्म 1776. बाप खेड्यातला सुखवस्तू गिरणीवाला, नदीकाठी पाणचक्की चालवणारा. त्याला वाटे, मुलाने धंदा सांभाळावा. मुलाचे मन चित्रात. अखेर 1799 मध्ये बापाने परवानगी दिली आणि थोडा खर्चही बांधून दिला. धंदा पुढे धाकट्या भावाने सांभाळला. कॉन्स्टेबल यांनी दूरदेशीचे देखावे शोधले नाहीत. बापाची गिरणी, शेजारची नदी, शेतातली गाडी, हेच आयुष्यभर रंगवले. नदीतून जाणारी रिकामी बैलगाडी शोभावी तशी घोड्यांची गाडी दाखवणारे त्यांचे 1821 चे चित्र लंडनच्या प्रदर्शनात विकले गेले नाही. तेच चित्र 1824 मध्ये पॅरिसला गेले आणि त्याला सुवर्णपदक मिळाले. आज ते लंडनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्याच देशात अकॅडमीचे पूर्ण सभासदत्व मिळायला मात्र त्यांना वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत थांबावे लागले.

कॉन्स्टेबल यांची एक सवय फार उपयोगाची आहे. ते तासन्‌तास नुसते आकाश रंगवत आणि चित्राच्या मागे तारीख, वेळ आणि वारा कुठून वाहत होता ते लिहून ठेवत. त्यांच्या लेखी ढग म्हणजे नुसती शोभा नव्हती, अभ्यासाचा विषय होता.

दरबारी चित्रकार

शिक्षण घेऊन आबालाल कोल्हापूरला परतले. मुंबईत राहिले असते तर श्रीमंतांची आणि साहेबांची व्यक्तिचित्रे काढून चार पैसे मिळाले असते. त्यांनी आपले गाव निवडले.

कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा छत्रपती शाहू महाराज होते. 1894 मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला होता. मुस्लिम समाजासाठी महाराजांनी काय केले ते आपल्या वाचकांना सांगायला नको. 1906 मध्ये त्यांनी मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू करवले आणि कुरआनचे मराठीत भाषांतर व्हावे म्हणून खर्च केला. माणूस पाहून त्याची कदर करणाऱ्या या राजाने आबालाल यांना दरबारी चित्रकार केले. महाराजांना शिकारीची आवड, म्हणून शिकारीचे प्रसंग, जनावरे, रानातले देखावे अशी कामे आबालाल यांच्याकडे आली. त्यांनी व्यक्तिचित्रेही काढली. तो त्यांच्या चाकरीचा भाग होता.

पण मन रमले ते कोल्हापूरच्या पाण्यात. कोल्हापूर हे तळ्यांचे गाव. रंकाळा आणि त्यातला संध्यामठ, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट. यांतल्या कोटितीर्थाच्या काठी आबालाल राहिले, फकिरासारखे. गरजा थोड्या, बोलणे थोडे, लोकांत मिसळणे त्याहून थोडे. सकाळचे कोवळे ऊन पाण्यावर कसे पडते, दुपारी तेच पाणी पांढरे कसे होते, मगरिबच्या सुमारास त्यात तांबडा कसा उतरतो, हे ते रोज पाहत आणि रोज रंगवत. त्यांची पुष्कळशी निसर्गचित्रे आकाराने लहान आहेत, हातात मावतील एवढी. मोठी कॅनव्हास पसरून वाट पाहायला उजेड थांबत नाही. तो बदलायच्या आत काम संपवायचे असते.

विलायती रंग महाग आणि वेळेवर न मिळणारे. तेव्हा आबालाल माती, दगड आणि झाडपाल्यातून स्वतःच रंग तयार करत, असे त्यांच्याबद्दल सांगतात. बोरूच्या शाईच्या घरात वाढलेल्या माणसाला ते अवघड नव्हते.

त्यांच्या निसर्गचित्रांत रेषा कमी आणि रंगांचे छोटे छोटे फटकारे जास्त. जवळून पाहावे तर नुसते ठिपके आणि डाग. चार पावले मागे सरकावे तर पाणी हलू लागते, झाडाखालची सावली गार वाटू लागते. जाणकार त्यांची तुलना फ्रान्समधल्या त्या चित्रकारांशी करतात ज्यांनी 1874 मध्ये पॅरिसला पहिले प्रदर्शन भरवले आणि ज्यांना पुढे जगाने डोक्यावर घेतले. तिकडे ती एक चळवळ होती. मित्र होते, भांडणे होती, वर्तमानपत्रे होती. इकडे तळ्याकाठी एक एकटा माणूस होता.

एकटा असला तरी त्याचा उजेड पसरला. आबालाल यांच्या कामाचा प्रभाव आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंवर पडला. हेच बाबूराव पेंटर पुढे स्वतः कॅमेरा तयार करून सिनेमाकडे वळले, त्यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' हा चित्रपट पुढे आणला. चित्रकार दत्तोबा दळवी यांच्यासारख्या पुढच्या पिढीनेही आबालाल यांना गुरुस्थानी मानले. मराठी चित्रपटाचा आणि कोल्हापूरच्या चित्रकलेचा इतिहास मागे मागे नेला की आपण या मुस्लिम चित्रकाराच्या दाराशी येऊन थांबतो.

तळ्यात गेलेली चित्रे

6 मे 1922 रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. कदर करणारा गेला. त्या दुःखात आबालाल यांनी आपली हजारो चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. ज्या पाण्याचे रूप त्यांनी जन्मभर कागदावर उतरवले, त्याच पाण्याला त्यांनी ते परत केले. त्यानंतर नऊ वर्षांनी, 1931 मध्ये, त्यांचा इंतकाल झाला.

इथे टर्नर पुन्हा आठवतात. 1851 मध्ये ते वारले तेव्हा त्यांनी मृत्युपत्रात आपली चित्रे देशाला देऊन टाकली होती. सुमारे 300 तैलचित्रे आणि 30,000 च्या आसपास रेखाटने आणि जलरंगातली कामे. लंडनमध्ये ती आजही जपून ठेवली आहेत. फाटक्या वहीतले पेन्सिलचे पानदेखील त्यांनी टाकले नाही. न्हाव्याच्या पोराने काढलेले एकेक चिटोरे त्या देशाने आपली मालमत्ता मानली.

आपल्याकडे काय उरले? कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात आबालाल यांची काही चित्रे आहेत. काही इतर संग्रहांत आहेत. कोल्हापूरला जाणाऱ्या प्रत्येक मुस्लिम कुटुंबाने मुलांना ती चित्रे जरूर दाखवावीत. उरलेले गेले. यात दोष एकट्या आबालाल यांच्या दुःखाला देता येणार नाही. ती चित्रे मागायला, जपायला, नुसते बघायला तरी किती माणसे त्यांच्या दारी गेली असतील? ज्याचे काम कोणी मागत नाही, त्याला ते ओझे वाटू लागते. समाजाची ही चूक दर पिढीत होत राहते. आपल्या घरांतल्या हाताने लिहिलेल्या बयाज, जुनी फारसी-मोडी कागदपत्रे, दादा-परदादांची अक्षरे रद्दीत जातात ती याच बेफिकिरीने.

दीनचा प्रश्न

आता दादीच्या प्रश्नाकडे येऊ. सजीवांची चित्रे काढण्याबाबत हदीसमध्ये कडक इशारे आहेत आणि बहुतेक आलिमांनी त्याबाबत सावधगिरीच सांगितली आहे. त्या चर्चेत आम्ही पडत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. पण निसर्गचित्राची बाब वेगळी आहे. सहीह बुखारीत हजरत इब्न अब्बास (रजि.) यांची रिवायत प्रसिद्ध आहे. चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस त्यांच्याकडे आला. प्रेषितांचा (स.) इशारा ऐकून त्याचा चेहरा उतरला. तेव्हा इब्न अब्बास (रजि.) यांनी त्याचा रोजगार बुडवला नाही, त्याला वाट दाखवली. काढायचेच असेल तर झाडे काढ, ज्यात प्राण नाही अशा वस्तू काढ, असा त्या सल्ल्याचा आशय आहे.

ही वाट मुसलमानांनी फार लवकर धरली. दमास्कसची उमय्या मशीद आठव्या शतकाच्या सुरुवातीला, खलीफा वलीद यांच्या काळात बांधली गेली. तिच्या भिंतींवर रंगीत काचेच्या बारीक तुकड्यांनी नदी, मोठमोठी झाडे आणि घरे-महाल रचलेले आहेत. त्यात माणूस नाही की जनावर नाही. शब्दशः मशिदीच्या अंगणात निसर्गचित्र! त्याला तेराशे वर्षे झाली.

आणि बघणे ही तर आपल्याला दिलेली शिकवणच आहे. पवित्र कुरआनच्या सूरह गाशियामध्ये उंट, आकाश, डोंगर आणि जमीन यांच्याकडे लक्ष देऊन पाहायला सांगितले आहे. निसर्गचित्र काढणाऱ्या मुलाला हे पाहणे टाळताच येत नाही. ढग एका रंगाचा नसतो, डोंगर लांब गेला की निळा होतो, ओल्या पानाची हिरवाई सुक्या पानाहून वेगळी असते, हे त्याला कळते. निर्मात्याची कारागिरी इतक्या बारकाईने पाहणाऱ्याचे मन नरमच पडेल.

आपल्या घरांसाठी

आमच्या भागात चित्र ही भिंतीवरची रोजची गोष्ट आहे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वारली घरांत गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे हेच हात घेऊन जगभर पोहोचले आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शेजारच्या घरात इतका मोठा वारसा आणि आपल्या घरात कंपासपेटीतला ब्रश लपवून ठेवायचा, हे बरे नव्हे.

मुलाला चित्राची ओढ असेल तर खर्च फार नाही. जलरंगाची एक साधी पेटी, दोन ब्रश, जाड कागद. जलरंगात पांढरा रंग शक्यतो वापरायचा नाही, कागदाचा पांढरेपणाच राखून ठेवायचा. आधी फिके रंग, मग गडद. पावसाळ्यात इकडे कागद लवकर सुकत नाही. तेव्हा ओल्यावर ओला रंग सोडून धुके काढायला तोच मोसम चांगला. उन्हाळ्यात माळ पिवळा पडतो, विहिरी तळ गाठतात, टँकरची वाट पाहणारे हंडे रांगेत लागतात. तेही काढावे. निसर्गचित्र म्हणजे फक्त धबधबा नव्हे. कॉन्स्टेबलसारखी कागदाच्या मागे तारीख, वेळ आणि हवा लिहायची सवय लावावी. दहा वर्षांनी त्या गठ्ठ्यात आपल्या गावाचा हिशेब सापडेल. कुठे झाडे होती, कुठे ओढा वाहत होता, कधी पाऊस लांबला.

अभ्यासाची काळजी वाटणाऱ्या अम्मींसाठी एक माहिती. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा शाळेतून देता येतात. इंटरमिजिएट उत्तीर्ण झाल्यास दहावीला सवलतीचे गुण मिळतात आणि पुढे कला महाविद्यालयाच्या वाटेवर या परीक्षा कामी येतात. शाळेत चौकशी करावी, वेळेत अर्ज भरावा. मुलींनाही बसवावे. मेहंदी, भरतकाम आणि खुशखत यांत मुळातच त्यांचा हात चालतो.

पोटाची काळजी वाटणाऱ्या अब्बांना आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. चित्रावर पोट भरणे तेव्हाही अवघड होते, आजही आहे. खुद्द आबालाल साधेपणानेच जगले. पण पुस्तकांची सजावट, छपाई, कापडावरचे नक्षीकाम, इमारतींचे नकाशे, शाळेतली कलाशिक्षकाची नोकरी, अशा कितीतरी हलाल रोजगारांत चित्र जाणणारा हात लागतो. आणि पोरगा पुढे दुकानात बसला, मास्तर झाला की ड्रायव्हर झाला, तरी नीट बघायला शिकलेला डोळा वाया जात नाही.

एक काम मात्र प्रत्येक घराने आजपासून करावे. मुलांची चित्रे रद्दीत टाकू नयेत. एक जाड फाइल आणावी, चित्रावर नाव आणि तारीख घालावी, उदबत्ती-मसाल्यांपासून आणि ओलीपासून दूर ठेवावी. त्याच फाइलशेजारी घरातल्या जुन्या हस्तलिखितांना आणि पत्रांनाही जागा द्यावी. आबालाल यांच्या वडिलांनी मुलाचा हात ओळखला म्हणून आपल्याला एवढा मोठा चित्रकार मिळाला. जपणारे कमी पडले म्हणून त्याची हजारो चित्रे गेली. पहिली गोष्ट करणे आपल्या हाती आहे, आणि दुसरी टाळणेही.

अल्लाह आबालाल यांची मगफिरत करो आणि आपल्या मुलांच्या नजरेत बरकत देवो. आमीन.